एका हाकेत दोन कामं

दुपारी अडीचचा सुमार. सगळ्यांची जेवणं होऊन घर आडवं झालेलं, आणि नेमकी तेव्हाच प्लास्टरच्या आत, घोट्याच्या जरा वर खाज सुटली. आत काही घालायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे, पण विणकामाची सुई शोकेसमध्ये समोरच दिसत होती. हाक मारावी का? मारायचीच, तर त्याच हाकेत पाण्याचा तांब्या आणि चार्जरही बसेल का?

सध्या हा हिशेब हाच माझा उद्योग. दुखण्यावर गोळी आहे, कंटाळ्यावर मोबाइल आहे, मागण्यावर मात्र औषध नाही. "अगं, येताना जरा..." हे मी इतक्या गोड आवाजात म्हणतो की माझा मलाच राग येतो. त्यावर "हो, आणते ना" असं हसून उत्तर आलं की आणखीच. एखादे दिवशी बायको वसकन अंगावर आली तर बरं वाटतं. पाहुण्यावर कोणी खेकसत नाही.

भेटायला येणारे शहाळी आणतात आणि आपापल्या मेव्हण्याच्या पायाची गोष्ट सांगतात. कांडवेलीची चटणी खा म्हणून सांगणारेही दोघे-तिघे निघालेच. त्यांना मी प्लास्टरचा इतिहास ऐकवतो. 1852 मध्ये आन्तोनियस मातायसेन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने प्लास्टरच्या पट्ट्यांची ही रीत प्रसिद्ध केली. जखमी सैनिकांना रणांगणावरून नीट हलवता यावं, हा उद्देश. हलवण्यासाठी! मी पलंगावरून तसं म्हणतो, लोक हसतात, चहा घेतात आणि जातात. जिना उतरताना त्यांच्या चपला वाजतात त्या मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकतो.

आजीचं असंच व्हायचं. खुब्याचं हाड मोडल्यावर ती माजघरातल्या खाटेवर होती. फाटकाची कडी वाजली की आतून हाक, "कोण आलं रे?" दूधवाला असो, पोस्टमन असो, तिला सांगायला लागायचं. आम्ही मुलं "कुणी नाही" म्हणून पळायचो. मग ती काम मागायची. आई तिच्यापुढे सुपात तांदूळ ठेवायची. रोज निवडण्याइतके तांदूळ कुठून आणणार? कालचेच पुन्हा. आजी डोळ्यांजवळ मूठ नेऊन एकेक दाणा बघायची. एकदा म्हणाली, "हे निवडलेले आहेत गं." आई काही बोलली नाही. आजी निवडत राहिली.

परवा मीही बायकोकडे लसूण सोलायला मागितला. "पडून राहा ना गुपचूप," असं म्हणत तिने ताटली आणून आदळली. गड्ड्या न सोललेल्याच आहेत ना, ते मी आधी बघून घेतलं.