थंडीआधीची डागडुजी

घर ताब्यात आलं त्याच दिवशी मी एक मूर्खपणा केला. खिडक्यांच्या चौकटींत जागोजागी कोंबलेल्या चिंध्या उपसल्या आणि कचऱ्यात टाकल्या. आधीच्या माणसांचा गबाळेपणा, दुसरं काय!

हवा गार झाली तशी मोठा हीटर घ्यायचं मनात आलं. घेतलाही असता. पण होता तो हीटर लावला तर तापमापक २० अंश दाखवायचा आणि तरी माझी पाठ गारच. मग लक्षात आलं की अंगातली ऊब नुसती हवेत जात नाही, समोरच्या भिंतीला आणि काचेलाही जाते. भिंत थंडगार असेल तर हवा कितीही तापवा, काकडायला होतंच. खिडकीला जमिनीपर्यंत जाड पडदे लावले. पलंग बाहेरच्या भिंतीकडून आतल्या भिंतीकडे सरकवला. तेवढ्यानेच झोप लागायला लागली.

फटी शोधायला वाऱ्याची एक संध्याकाळ धरली आणि पेटती उदबत्ती घेऊन घरभर फिरले. धूर सरळ वर गेला की ठीक, आडवा झाला की पेन्सिलीने खूण. समोरच्या दारापाशी तर तो जमिनीलगत आत पळाला. दाराखालची फट मोजली तर जेमतेम ३ मिलिमीटर. एवढ्याने काय होतंय, म्हणून सोडून देणार होते. पण दार ९० सेंटिमीटर रुंद. गुणाकार केला तर २७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे भिंतीला पाच बाय पाचचं भोक पाडून ठेवल्यासारखंच! दाराला खालून ब्रशची पट्टी ठोकली, खिडक्यांना रबराची.

खरी चोरी मात्र पोटमाळ्यावरून चालली होती. गरम हवा वर चढते, माळ्याच्या झडपेतून निसटते आणि तिच्या जागी खालच्या फटींतून गार हवा ओढली जाते. म्हणजे मी खाली पट्ट्या ठोकत बसले होते आणि वर झाकण सताड उघडं. झडपेला कडेने रबर आणि पाठीला इन्सुलेशनची जाड पाटी, एवढं अर्ध्या दिवसात झालं. सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला. हे आधी केलं असतं तर!

मग उत्साहाच्या भरात अति झालं. आठवड्याभराने भाऊ आला आणि म्हणाला, "ताई, तुझ्या खिडक्या रडतायत बघ." काचांवरून पाणी ओघळत होतं, कपाटामागे काळी बुरशी धरली होती. श्वासाची, स्वयंपाकाची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ पूर्वी फटींतून जायची, ती आता कोंडली होती. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडते. हवा बदलते, पण तेवढ्या वेळात भिंती काही थंड होत नाहीत. लाकूड जाळायची फायरप्लेस आहे, त्या खोलीतल्या झरोक्याला मात्र मी हात लावला नव्हता, हे नशीब. झरोका बुजवला असता तर लाकडाच्या जाळातून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू खोलीत साठला असता, आणि त्याला ना वास ना रंग.

मागच्या भिंतीचं काम उन्हाळ्यावर ढकललंय. मुळात चुन्याची भिंत, तिच्यावर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलाय. आतली ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून पोपडे सुटतात. तो काढून परत चुनाच लावायचाय, आणि कडाक्याच्या थंडीत चुना धरत नाही.

राहिली झोपायच्या खोलीतली एक खिडकी. लाकूड इतकं पिळलंय की फट एका टोकाला दोराएवढी आणि दुसऱ्या टोकाला बोटभर. तीन तऱ्हेच्या पट्ट्या आणून झाल्या, एकही बसेना. शेवटी माझ्या जुन्या शर्टाची बाही फाडली, तिची घडी घातली आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती फटीत नीट कोंबून बसवली.