आबाजींचा पुदिना

अकोल्यात 13 वर्षं एसी बसवतोय, पण आपल्याच हाताने बसवलेल्या मशीनने मला एवढं कधी रडवलं नव्हतं जेवढं 2024 च्या मे महिन्यात रडवलं. तोच मे, उन्हापायी जिल्ह्यात कलम 144 लागलं होतं तो. पारा 45 च्या खाली यायला तयार नाही आणि फोन सकाळी सातपासून रात्री बारापर्यंत वाजतोय.

घर एका शाळामास्तर सरांचं. वरचा मजला, बेडरूम 10 बाय 12, डोक्यावर उघडा स्लॅब, एक भिंत पश्चिमेला. दुकानात त्यांना 1 टन सांगितला होता, 120 फुटाला पुरतो म्हणे. मी म्हटलं सर थांबा, 1 टन म्हणजे तासाला 12 हजार बीटीयू उष्णता बाहेर फेकणार हे खरं पण तो आकडा बाहेर 35 डिग्री धरून मोजतात, आपल्याकडे 45 ला मशीन तेवढं काम देत नाही, त्यात रात्री दहापर्यंत स्लॅब तव्यासारखा असतो, तुम्ही दीड टनच घ्या आणि इन्व्हर्टरवाला घ्या, खोली गार झाली की तो आपोआप हळू चालतो, करंट कमी खातो. त्यांनी ऐकलं, पाच-सहा हजार जास्तीचे घातले. एप्रिलात मी बसवला. आउटडोअर उत्तरेच्या भिंतीला, समोर मोकळी हवा, तांब्याच्या पाइपाचे फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेली तोंडं, माझ्या हाताने केलेले, व्हॅक्यूम पंप पूर्ण वीस मिनिटं. (घाईतली पोरं पंप लावतच नाहीत, मशीनमधलाच थोडा गॅस सोडून पाइपातली हवा हाकलतात. गॅस वाया जातो, पाइपात ओल राहते, आणि हा आर 32 गॅस पेट घेऊ शकतो हे कुणाच्या डोक्यात नसतं.) तर काम चोख होतं. निदान मला तसं वाटत होतं.

पंधरा दिवसांनी फोन. रात्री गार होत नाही, लेकरं घामाने उठतात. मी दोन दिवस जाऊ शकलो नाही तर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं, त्याने गॅस कमी आहे म्हणून अडीच हजार घेतले आणि गॅस मारून गेला. चार दिवस तेच. मग मी दुपारी गेलो. गेज लावला तर प्रेशर उलट जास्त, म्हणजे मशीन आधी भरलेलंच होतं, वर याने ओतला. सगळा काढला, काट्यावर वजन करून कंपनीने लिहिलाय तेवढा परत भरला. खोली बंद करून बसलो. 25 मिनिटांत खोली 26 वर, जाळीतून 14 ची हवा, क्लॅम्प मीटरवर करंट 7 अँपिअरवरून उतरत 3 वर आला. याहून चांगलं काय पाहिजे. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आले की बरोबर करतो हो तो, रात्री पहा त्याचे नखरे."

निघताना सरांच्या वडिलांनी, आबाजींनी, हाक मारली. "बाबू, मठ्ठा घेऊन जाय." मठ्ठ्यात ताजा पुदिना. मी म्हटलं आबाजी, मे महिन्यात असा हिरवागार पुदिना कुठून आणता, तर मोठ्या कौतुकाने खाली घेऊन गेले दाखवायला. भिंतीला लागून टोपल्याएवढा वाफा, नुसता माजलेला. वर बघतो तर माझ्याच एसीची ड्रेनची नळी बरोबर त्यावर आलेली. "फुकटचं पानी रायते रोज रातच्याले," आबाजी म्हणाले. मी हसलो, दोन काड्या खिशात घातल्या आणि गाडीला किक मारली.

इथे मला कुणीतरी टपली मारायला पाहिजे होती! अकोल्याच्या उन्हाळ्यात एसीतून पाणी येतंच किती? हवेत ओलच नसते तर कॉइलवर जमणार काय. मे मध्ये इथे एसीच्या नळीतून चार थेंब पडतात, पुदिन्याचा वाफा पोसला जात नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला सरांचा फोन, आवाज चढलेला. "भाऊ, तुम्हीच म्हणाले होते दीड टन घ्या, आता येऊन स्वतः पहा." जेवण झालं होतं, गेलो. हॉलमध्ये आबाजी खाटेवर, खिडकीत त्यांचा जुना पत्र्याचा डेझर्ट कूलर धडधडतोय. बेडरूममध्ये पाय ठेवला आणि अंगावर आली ती हवा एसीच्या खोलीची नव्हतीच, पावसाळ्यात कोकणात उतरल्यासारखी चिकट. थर्मामीटर 29. आर्द्रता 78 टक्के! बाहेर गॅलरीत तेच यंत्र धरलं तर आर्द्रता 24 टक्के. करंट 7 वर अडकलेला. नळीखाली बादली लावली, 10 मिनिटांत 400 मिली पाणी.

खोलीचं दार बंद असतं ना, विचारलं. "बंदच आहे की," सर म्हणाले. पडदा सारला तर दारात चप्पल अडकवलेली, चांगली वीतभर फट. आबाजींची चप्पल.

मग सगळं उलगडलं. कूलर हॉलमध्ये ओली हवा ढकलतो, तिला बाहेर जायला वाट पाहिजे, आणि हॉलच्या बाकीच्या खिडक्या डासांपायी बंद. बेडरूमच्या बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालू, तो ओढून घेतो. म्हणजे कूलरची सगळी हवा चपलेच्या फटीतून बेडरूममधून जाणार. हवेतून 1 लिटर पाणी गाळायला साधारण 2300 बीटीयू लागतात, इथे तासाला जवळपास अडीच लिटर, म्हणजे दीड टनातला अर्धा टन नुसता पुदिन्याला पाणी घालण्यात चाललेला. कूलर आणि एसी दोन्ही लावले की डबल गार होतं असं वाटणारे शंभर लोक भेटलेत मला, पण इथे तर बिचाऱ्यांनी मुद्दाम लावलेही नव्हते.

सर वडिलांवर चिडले. आबाजी उठून बसले आणि त्यांनी मलाच विचारलं, "काऊन रे बाबू, तो डब्बा बाहेरची हवा आत आनते काय?" म्हटलं नाही आबाजी, स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. "मंग चार जन रातभर बंद खोलीत, लेकराईले गुदमरवता काय? म्हून लावतो मी चप्पल."

काय बोलणार. म्हातारा चूक नव्हता ना. निम्म्या गिऱ्हाइकांना वाटतं आउटडोअर बाहेरून हवा आणतो, आबाजींनी न शिकता ओळखलं होतं की तसं नाही. चारजणांनी आठ तास दार घट्ट लावून झोपलं की सकाळी डोकं जड होतं ते उगाच नाही.

मग तडजोड केली. बेडरूमचं दार बंद, खाली रबराची पट्टी. एक्झॉस्ट बंद, पण बाथरूमच्या खिडकीची एक काच उघडी, बाथरूमचं दार बोटभर किलकिलं, बाहेरची कोरडी हवा थोडी आत येईल, तेवढी एसीला झेपते. हॉलमध्ये कूलरच्या समोरच्या खिडकीला जाळी लावून ती उघडी ठेवायची, त्याने आबाजींचा कूलरही आधीपेक्षा गार वाटायला लागेल, कोंडलेल्या हवेत कूलर कधीच नीट चालत नाही. पाऊण तास मी तिथेच बसलो. आर्द्रता 78 ची 50 झाली, करंट उतरायला लागला, धाकटी पांघरूण मागत उठली. सरांनी पैसे विचारले, मी व्हिजिटचे 300 घेतले. पहिल्या खेपेला पुदिना बघूनही डोकं चाललं नव्हतं त्याचा दंड म्हणून गॅसचे नाही लावले.

आठ-दहा दिवसांनी सरांच्या नंबरवरून फोन. पोटात गोळा आला, आता काय. पलीकडे आबाजी.

"बाबू, तुहा एसी मस्त चालते म्हनते पोट्टे. पन माहा पुदिना वाळून रायला ना."

म्हटलं आबाजी, कूलरच्या टाकीची ओव्हरफ्लोची नळी तिकडे वळवून देतो, रविवारी येतो. मठ्ठा ठेवा.