एका घरातला रमजान

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात आहे. आम्ही कोकणी मुसलमान असल्यामुळे शाफई पंथाचे; शाफई आणि हनफी हे सुन्नी मुसलमानांचे धर्मविधींबाबतचे दोन पंथ. माझी भाभी मात्र सोलापूरची, म्हणजे हनफी. भाऊ कुवेतला नोकरी करतो आणि गावच्या घरात आई आणि भाभी अशा दोघीच असतात. रमजानचे शेवटचे दहा दिवस मी दरवर्षी तिथे जाते. सगळे मुसलमान हा महिना अगदी एकाच साच्यात पाळत असतील, असे बाहेरच्यांना वाटते. आमच्या घरात तर एकाच चुलीवर तो दोन तऱ्हांनी पाळला जातो.

पहिला फरक रात्रीच कळतो. शाफई मतानुसार उद्याच्या रोजाची नियत, म्हणजे मनातला संकल्प, आदल्या सूर्यास्तापासून पहाट फुटण्यापूर्वीच करावा लागतो, आणि तोही प्रत्येक रोजासाठी वेगळा. त्यामुळे तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची खास, नमाज आटोपून अंथरुणावर पडण्यापूर्वी आई प्रत्येकाला विचारते, "नियत केलीस ना?" हनफी मतात रमजानच्या रोजाला सकाळीही, दुपार होण्यापूर्वीपर्यंत, नियत करता येते, म्हणून भाभीला सुरुवातीला हा प्रश्न म्हणजे सासूबाईंची उलटतपासणी वाटे. आता ती आईने विचारण्याआधीच "केली, केली" म्हणते.

तरावीहच्या वीस रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तने, दोघींच्या सारख्याच. फरक पडतो तो त्यानंतरच्या वित्रमध्ये, म्हणजे रात्रीच्या शेवटच्या तीन रकातींच्या नमाजेत. आई आधी दोन रकाती पढून सलाम फेरते, म्हणजे तिथे नमाज संपवते, आणि मग एक रकात वेगळी पढते, तर भाभी तिन्ही सलग पढते. वित्रमधली कुनूत नावाची दुआ भाभी वर्षभर रोज म्हणते. आई ती फक्त रमजानच्या उत्तरार्धात म्हणते. लहानपणी मला महिना निम्मा सरल्याचे कळायचे ते या दुआवरूनच, कॅलेंडर पाहावे लागत नसे.

स्वयंपाकघरात पंथ नाही, पण प्रांत आहे. सहरीला, म्हणजे रोजापूर्वीच्या पहाटेच्या जेवणाला, आईला भात आणि कालवण लागते, भाभीला ज्वारीची भाकरी. मार्चमधला रोजा तेरा तासांहून थोडा मोठा असतो, आणि दोघींचाही दावा असा की आपल्याच जेवणाने तो निभतो. इफ्तारला खजूर, पाणी, सब्जा घातलेले सरबत आणि भजी यांवर कोणाचाच वाद नसतो. या सगळ्यात ज्या बाईचा रोजा त्या दिवसांत मासिक पाळीमुळे नसतो, तीही पहाटे उठून सगळ्यांसाठी रांधते आणि सुटलेले रोजे पुढे वर्षभरात एकटीने, घरात सहरीची जाग नसताना भरून काढते. रमजानवर लिहिणाऱ्यांना खजुराच्या जाती आठवतात, हे कजा रोजे सहसा आठवत नाहीत.

जकातीचा, म्हणजे संपत्तीतून द्यायच्या बंधनकारक दानाचा, हिशोब बहुतेक घरांप्रमाणे आमच्याकडेही याच महिन्यात होतो. शिल्लक संपत्तीच्या अडीच टक्के, इतके दोघींना सारखेच मान्य आहे. पण अंगावर वापरायच्या दागिन्यांवर, त्यांत अतिरेक नसेल तर, शाफई मतात जकात नाही आणि हनफी मतात आहे. त्यामुळे आईच्या बांगड्या हिशोबाबाहेर राहतात आणि भाभी मात्र कागद घेऊन आपल्या दागिन्यांचे वजन आणि त्या दिवसाचा सोन्याचा भाव मांडत बसते. सोन्याचा भाव वाढला की सगळे खूश होतात, भाभी तेवढी सुस्कारा टाकते.

या दोघींच्या वेळापत्रकात भावाचे तिसरे येते. 2025 साली आखाती देशांत रमजान 1 मार्चला सुरू झाला आणि आपल्याकडे 2 मार्चला. त्यामुळे महिनाभर तो आमच्यापेक्षा एक रोजा पुढे होता. 30 मार्चला सकाळी त्याचा ईदच्या कपड्यांत व्हिडिओ कॉल आला, तेव्हा आमचा एकोणतिसावा रोजा होता आणि त्याच दिवशी गुढीपाडवा असल्यामुळे शेजारच्या अंगणात गुढी उभी होती. शेजारच्या काकूंनी श्रीखंडाचा डबा आणून दिला आणि "संध्याकाळीच उघडा हो" असे बजावले. संध्याकाळी चंद्रदर्शन झाले आणि तो डबा चांदरातीला फस्त झाला.

त्या रात्री शिरखुर्म्यासाठी सुका मेवा चिरता चिरता फितऱ्याचा विषय निघाला. ईदच्या नमाजेपूर्वी गरिबाच्या हाती पोचायला हवे असे हे दान घरातल्या तान्ह्या मुलाच्या नावानेही द्यावे लागते. शाफई पद्धतीत ते रोजच्या खाण्यातल्या धान्याचे, माणशी एक साअ, म्हणजे अडीच ते तीन किलो. कोकणात रोजचे धान्य म्हणजे तांदूळ, तेव्हा आई तांदूळच मोजते. पैसे देऊन फितरा फिटतो हे तिला पटत नाही. हनफी पद्धतीत गव्हाचे प्रमाण याच्या निम्मे, आणि त्याची किंमत रोख दिली तरी चालते. शिवाय शाफई मतात बायकोचा फितरा नवऱ्यावर असतो, हनफी मतात तो तिचा तिच्यावर. त्यामुळे आईने मुलाच्या वतीने सुनेच्या नावाचा तांदूळ मोजून पिशवीत भरला, आणि भाभीने आपले पैसे पाकिटात घालून आधीच देऊन टाकले होते. हे लक्षात आल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिले, पण पिशवीतला तांदूळ काही कोणी परत डब्यात ओतला नाही.