मेंटॉर प्राध्यापकाकडून एवढी अपेक्षा आहे

अमळनेर किंवा चोपड्यासारख्या गावात मेंटॉर प्राध्यापक (विद्यार्थ्याला मार्गदर्शनासाठी नेमून दिलेले शिक्षक) आणि विद्यार्थ्याचे वडील आठवडी बाजारातही भेटतात. म्हणून समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय घरी, स्टाफरूममध्ये किंवा मेंटॉरच्या नोंदवहीत जाऊ नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण घरच्यांनी शिक्षण बंद करण्याची भीती त्या निकालाने जात नाही. २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना ट्रान्सजेंडर व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली असल्याने, अशा विद्यार्थ्याची वसतिगृहातील अडचण मेंटॉरने, त्याची परवानगी घेऊन, स्वतः प्राचार्यांपुढे मांडावी. ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ हा (आपल्याकडे फार मायेने दिला जाणारा) सल्ला मात्र कृपया देऊ नये.