इंद्रजाल

पूजेच्या सामानाच्या दुकानावर धाड म्हटलं की आम्हा वन्यजीव गुन्हे तपासणाऱ्यांत कोणी उत्साहाने पुढे येत नाही, वाघाचं कातडं सापडलं तर पेपरात फोटो येतो, याला कोण विचारतंय. टीप इंद्रजालाची होती, म्हणजे नजर लागू नये म्हणून लोक घरात लावतात ती काळ्या जाळीची फ्रेम. गिऱ्हाईक म्हणून मलाच पाठवलं, साडी नेसून. घराला नजर लागलीय म्हटल्यावर दुकानदाराने आधी काळी बाहुली दाखवली, मग माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि वरच्या फळीवरून खोका काढला. "ताई, ही समुद्रातली जडी, एकदम ओरिजिनल."

जडी कसली, प्राणी आहे तो. सी फॅन. हजारो बारीक जीवांची वसाहत खडकाला धरून वाढते, ट्रॉलरच्या जाळ्यात उपटून येते, मग वरची रंगीत साल खरवडायची, सांगाड्याला काळा रंग मारायचा की झाली फ्रेम तयार. २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. हे सांगितल्यावर आमचा एक पंच चक्क हसला.

कोर्टात पहिला प्रश्न ठरलेला, ही वनस्पती नाही कशावरून? म्हणून मी दहापटीचं भिंग घेऊनच जाते. ब्लॅक कोरल, म्हणजे काळं प्रवाळ, असेल तर फांदीवर बारीक काटे दिसतात, सी फॅनवर ते नसतात. तुकडा जाळला तर केस जळाल्यासारखा वास येतो कारण सांगाडा प्रथिनांचा, पण मुद्देमाल कोण जाळणार. या वेळी नशीब असं की एका नगाच्या बुडाला खडकाची कपची आणि तिच्यावर नखाएवढा शिंपला तसाच चिकटलेला होता, साफ करताना राहून गेलेला. मी तो मापासकट, फोटोसकट पंचनाम्यात घेतला. साहेब म्हणाले, एवढं कशाला लिहिता? एवढं लिहीत नाही म्हणून तर केसेस सुटतात, पण ते कोण बोलणार.

शेजारच्या डब्यात हत्था जोडी निघाली, तीही झाडाचं मूळ म्हणून विकतात आणि असते नर घोरपडीचं जननेंद्रिय, लोक शेंदूर लावून तिजोरीत ठेवतात, असो.

दुकानदार रडायलाच लागला. "मॅडम, होलसेलवाल्याने झाडाचं म्हणून दिलं हो, माझ्या स्वतःच्या देवघरावर लावलंय." आणि खरंच लावलेलं होतं, घरझडतीत तेही जप्त केलं. मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही, तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी तीन वर्षं. ज्याने कुरिअरने माल पाठवला त्याचा फक्त मोबाईल नंबर मिळाला, तोही बंद. ऑनलाइन तर विचारूच नका, एक जाहिरात रिपोर्ट करून काढायला लावली की स्पेलिंग बदलून दुसरी हजर.

सह्या झाल्यावर तो हसणारा पंच मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, सासूबाईंकडे हॉलमध्ये असलीच फ्रेम आहे, काय करू?" नुसतं घरात ठेवणंही गुन्हाच आहे. म्हटलं, ऑफिसला आणून द्या, रीतसर जमा करून घेऊ. अजून आलेला नाही.