साडेपाच तासांचा फरक

मी डिजिटल पुरावे तपासते. चाकणच्या एका कारखान्यातून फोन आला. डिझाइनमधल्या एका ड्राफ्ट्समनने ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेतल्याचा आरोप होता. त्याला निलंबित केलं होतं, अंतर्गत चौकशी चालू होती. "पुरावा आहेच मॅडम, तुम्ही फक्त सर्टिफिकेट द्या," एचआरचे साहेब म्हणाले.

न तपासता सही मी करत नाही. जालन्याच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली डिजिटल पुराव्यासोबतचं हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं, तेव्हापासून सगळ्यांना तो कागद हवा असतो. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली तज्ज्ञाची वेगळी सही लागते, हॅश व्हॅल्यूही, म्हणजे डेटाचा डिजिटल ठसा, लिहावी लागते.

गेले तर त्याचा लॅपटॉप चालूच! आठवडाभर आयटीची मुलं त्यात शोधाशोध करत होती. माझ्या पोटात गोळा आला. नुसता लॅपटॉप चालू ठेवला तरी आतल्या नोंदी बदलत राहतात. तसं लिहून घेतलं, डिस्क काढली, डिस्कवर काही लिहू न देणारा राइट ब्लॉकर लावून इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतली. डिस्कचा आणि इमेजचा एसएचए-२५६ हॅश, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं, जुळला.

आरोप उभा होता एका वेळेवर, दुपारी २:४२. तेव्हा ड्राफ्ट्समन जागेवर होता, कॅमेऱ्यात दिसत होता. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, पेनड्राइव्ह पहिल्यांदा लावल्याची वेळही १४:४२ च. पण विंडोजची रजिस्ट्री ही वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवते, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. पडताळायला सेटअपएपीआयचा, म्हणजे उपकरणं बसवल्याच्या नोंदींचा, लॉग उघडला, तो स्थानिक वेळ लिहितो. त्याच पेनड्राइव्हच्या सीरियल नंबरसमोर होतं २०:१२.

रात्रीचे आठ बारा. मी हजेरी मागवली. त्याचा आउट पंच ६:०४ चा होता. लॅपटॉप रोज टेबलावरच राहायचा आणि पासवर्ड विभागात चौघांना ठाऊक होता.

"२:४२ चा उल्लेख गाळता येईल का?" साहेबांनी हळूच विचारलं. नाही म्हटलं. ती वेळ कुठून आली आणि कशी चुकीची वाचली गेली, दोन्ही अहवालात लिहिलं.

सुनावणी संपल्यावर तो जिन्यात थांबला होता. "मॅडम, म्हणजे मी सुटलो ना?"

"ते चौकशी अधिकारी ठरवतील, दादा. पेनड्राइव्ह कधी लागला एवढं मशीन सांगतं. खुर्चीत कोण होतं ते नाही सांगत."

त्याने मान हलवली. हातातल्या अहवालाच्या प्रतीवर २०:१२ खाली पेनाने रेघ मारली, मोबाइलवर तेवढ्याच पानाचा फोटो काढला आणि बायकोला पाठवला.