दुसरा डीएनएस म्हणजे स्टेपनी नव्हे

छोट्या ऑफिसात डीएनएसची, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची, तक्रार बहुतेकदा अशी येते: नेट व्यवस्थित चालू आहे, पण फाइल सर्व्हर सापडत नाही. किंवा तीन मशीनवर उघडतो, चौथ्यावर नाही. किंवा सकाळी उघडत होता, दुपारपासून नाही. मग कुणीतरी राउटर रीस्टार्ट करतं, कुणी सर्व्हर, थोडा वेळ सगळं सुरळीत होतं आणि मूळ चूक तशीच राहते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

समजण्यासाठी एक मांडणी धरू. राउटर १९२.१६८.१.१, त्याच नेटवर्कवर १९२.१६८.१.१० हा सर्व्हर, त्यावर डीएनएस, आणि आतल्या नावांसाठी झोन, म्हणजे या सर्व्हरने सांभाळायचा नावांचा गट, ऑफिस.इंटर्नल. फाइल सर्व्हर १९२.१६८.१.२० वर. वीस-पंचवीस मशीन, सगळ्यांना पत्ते डीएचसीपीतून, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेतून.

आता जी चूक सर्वांत जास्त दिसते ती. डीएचसीपीत डीएनएसचे दोन रकाने असतात. पहिल्यात १९२.१६८.१.१० भरलं जातं आणि दुसऱ्यात, ‘सर्व्हर बंद पडला तरी नेट चालू राहावं’ म्हणून, गूगलचा सार्वजनिक डीएनएस ८.८.८.८. हेतू चांगला, परिणाम वाईट. दुसरा डीएनएस ही स्टेपनी आहे, पहिला पंक्चर झाला की लावायची, असा समज यामागे असतो. क्लायंट, म्हणजे प्रश्न विचारणारं मशीन, मात्र दोघांना सारख्याच माहितीचे मानतो. पहिल्याकडून उत्तर यायला उशीर झाला, समजा सर्व्हर अपडेटनंतर दोन मिनिटं रीबूट होत होता, की तो दुसऱ्याला विचारतो. ८.८.८.८ ला ऑफिस.इंटर्नल माहीत असण्याचं कारणच नाही. तो प्रामाणिकपणे सांगतो, ‘असं नावच नाही.’ आणि हे उत्तर आहे, बिघाड नाही. त्यामुळे क्लायंट पहिल्याकडे परत जाऊन खात्री करत नाही. नाव नाही म्हणजे नाही. वर विंडोज पुढचा काही काळ त्या दुसऱ्यालाच धरून बसू शकतं, कारण त्याने वेळेवर उत्तर दिलं होतं.

उपाय सोपा आहे. क्लायंटला फक्त आतला सर्व्हर द्या. ८.८.८.८, १.१.१.१ किंवा नेट पुरवठादाराचे डीएनएस हे सगळे सर्व्हरवर, फॉरवर्डर म्हणून, म्हणजे सर्व्हरला जे माहीत नाही ते त्याने त्यांना विचारावं. दुसरा हवाच असेल तर तोही आतलाच हवा, तोच झोन सांभाळणारा. एखाद्या लहानशा मशीनवर सेकंडरी (झोनची प्रत ठेवणारी दुसरी सेवा) चालवली तरी पुरते. बदल केल्यावर एक गोष्ट विसरली जाते: जुनी लीज (पत्ता वापरायची मुदत) संपेपर्यंत किंवा नूतनीकरण होईपर्यंत क्लायंटकडे जुनेच पत्ते राहतात. विंडोज सर्व्हरच्या डीएचसीपीत लीज मुळात ८ दिवसांची असते आणि क्लायंट अर्ध्या मुदतीला ती नव्याने घेतो, म्हणजे सतत चालू असलेलं मशीन ४ दिवस जुन्या सेटिंगवर चालू शकतं. वाट पाहायची नसेल तर कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग स्लॅश रीन्यू, त्यानंतर साठवलेली जुनी उत्तरं पुसायला आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस.

बाकीचे घोळ शोधतानाही एकच प्रश्न धरून चालावं: उत्तर दिलं कोणी? हे कळेपर्यंत सर्व्हरवरच्या एकाही फाइलला हात लावू नये.

सुरुवात ज्या मशीनवर अडतंय तिथून. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल चालवा आणि डीएनएस सर्व्हर्सची ओळ पूर्ण वाचा. पूर्ण म्हणजे खालच्या ओळीही, कारण तिथे बरेचदा एफई८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता बसलेला असतो. तो राउटरचा आयपीव्ही६ पत्ता, म्हणजे १९२.१६८ सारख्या आयपीव्ही४ पत्त्यांनंतरच्या नव्या पद्धतीचा. आयपीव्ही४ चा डीएचसीपी सर्व्हरवर हलवला, राउटरवरचा बंद केला, पण राउटर आयपीव्ही६ च्या जाहिरातीतून (मशीनना तो स्वतःहून पाठवत असलेल्या सूचनांतून) स्वतःलाच डीएनएस म्हणून पुढे करत राहतो. अर्धे प्रश्न तिकडे जातात आणि आतली नावं गायब. राउटरच्या आयपीव्ही६ लॅन सेटिंगमध्ये ही डीएनएस जाहिरात बंद करा किंवा तिथे सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता द्या. आयपीव्ही६च बंद करून टाकणं हा उपाय सर्रास सुचवला जातो. तो आळशीपणा आहे.

लिनक्सवर हेच पाहायला रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस. ईटीसीतल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ दिसलं तर घाबरायचं कारण नाही, तो सिस्टमडी-रिझॉल्व्हड या लिनक्सच्या नावं शोधणाऱ्या सेवेचा स्थानिक मध्यस्थ आहे. खरे सर्व्हर त्याच्या मागे असतात.

मग एनएसलुकअप या नाव विचारायच्या कमांडने सर्व्हरला थेट विचारा, पत्ता देऊन:

एनएसलुकअप फाइल्स.ऑफिस.इंटर्नल. १९२.१६८.१.१०

नावाच्या शेवटचा टिंब मुद्दाम आहे. तो नसला की एनएसलुकअप मागे ऑफिस.इंटर्नल हा ऑफिसचा सफिक्स जोडून बघतं आणि भलतंच उत्तर पुढे येतं. त्यानंतर तेच नाव पिंग करा. एनएसलुकअप बरोबर पत्ता देतं आणि पिंग चुकीच्या पत्त्यावर जातं, असं झालं तर सर्व्हर निर्दोष आहे. एनएसलुकअप थेट सर्व्हरशी बोलतं; पिंग आधी होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी) आणि मशीनचा कॅश (साठवलेली उत्तरं) बघतं. होस्ट्स फाइलमध्ये कधीतरी तात्पुरती म्हणून घातलेली ओळ हमखास सापडते. आणि पिंगही बरोबर, पण फक्त ब्राउझरमध्ये आतलं पान उघडत नसेल, तर ब्राउझर एचटीटीपीएसवरून बाहेरच्या डीएनएसला परस्पर विचारतोय का ते त्याच्या सेटिंगमध्ये पाहा.

उत्तर येत नाही, यातही प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की दिवस वाया जातो.

टाइमआउट म्हणजे प्रश्न पोचलाच नाही किंवा उत्तर परत आलं नाही. सेवा चालू आहे का, ती नेमक्या कुठल्या पत्त्यावर ऐकतेय, फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ उघडं आहे का, हे बघा. यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन्ही पद्धतींसाठी. फक्त यूडीपी उघडलं तर रोजचं काम चालतं, पण उत्तर मोठं असेल किंवा सेकंडरीला झोन घ्यायचा असेल तेव्हा टीसीपी लागतं आणि तिथे अडतं. उबुंटूवर डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर सुरूच होत नसेल, पत्ता आधीच वापरात आहे अशी तक्रार लॉगमध्ये असेल, तर पोर्ट ५३ रिझॉल्व्हडने धरून ठेवलेलं असतं. रिझॉल्व्हड डॉट कॉन्फमध्ये डीएनएसस्टबलिसनर ‘नो’ करा, सेवा रीस्टार्ट करा, आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची लिंक तपासा. ती अजून १२७.०.०.५३ कडे बोट दाखवत असेल तर सर्व्हर स्वतःच आंधळा होतो.

रिफ्यूज्ड म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, ओळख दाखवत नाहीये. बाइंड हा डीएनएस सर्व्हर मुळात स्वतःच्या मशीनला आणि थेट जोडलेल्या नेटवर्कांनाच बाहेरची नावं शोधून देतो. व्हीपीएनवरून येणारे १०.८.०.० वाले पत्ते किंवा दुसऱ्या व्हीलॅनवरचे (वेगळ्या केलेल्या नेटवर्क-भागावरचे) फोन त्याला परके. अलाउ-रिकर्शन आणि अलाउ-क्वेरी-कॅश या सेटिंगांत ते नेटवर्क जोडा. वैतागून तिथे ‘एनी’ (कुणीही) लिहू नका. सर्व्हर बाहेरून दिसत असेल तर तो दुसऱ्यांवरच्या हल्ल्यात वापरला जाईल.

सर्वफेल (सर्व्हर फेल्युअर) आलं तर सर्व्हरने प्रयत्न केला पण त्याला खात्रीचं उत्तर मिळालं नाही. आधी घड्याळ पाहा. डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर खरं असल्याची खात्री देणाऱ्या, सह्यांना सुरुवात आणि शेवट असतो. मदरबोर्डची बॅटरी संपून तारीख काही वर्षं मागे गेली की सह्या अवैध ठरतात आणि बाहेरची नावं एकदम बंद पडतात. डिग या एनएसलुकअपसारख्या कमांडला प्लस सीडी लावून विचारलं की तपासणी वगळली जाते. तसं केल्यावर उत्तर आलं, तर दोष तपासणीत आहे. मजा म्हणजे घड्याळ दुरुस्त करायला एनटीपीचं, म्हणजे वेळ देणाऱ्या सर्व्हरचं, नाव शोधावं लागतं आणि तेच सापडत नाही. तारीख एकदा हाताने लावा. सर्वफेलचं दुसरं कारण फॉरवर्डरचं चक्र. सर्व्हर राउटरकडे पाठवतो आणि राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून सर्व्हरचाच पत्ता दिलेला. तू विचार, मी विचारतो, असं चालू राहतं.

एनएक्सडोमेन, म्हणजे नाव नाही. हे आतल्या सर्व्हरनेच सांगितलं असेल तर झोन फाइल उघडा. तिथला सगळ्यात जुना चोर म्हणजे टिंब. डॉक्स हे फाइल्सचंच दुसरं नाव (सीनेम) ठरवणारी ओळ अशी असते:

डॉक्स आयएन सीनेम फाइल्स.ऑफिस.इंटर्नल

शेवटी टिंब नाही, म्हणून बाइंड मागे झोनचं नाव पुन्हा जोडतो आणि डॉक्स जाऊन पोचतं फाइल्स.ऑफिस.इंटर्नल.ऑफिस.इंटर्नल. वर. एकतर नुसतं ‘फाइल्स’ लिहा, नाहीतर पूर्ण नाव टिंबासकट. नेम्ड-चेकझोन हे झोन फाइल तपासणारं साधन अशा ओळीवर गप्प राहण्याचीही शक्यता असते, कारण व्याकरण बरोबर आहे. म्हणून डिगच्या उत्तरात दोनदा आलेलं झोनचं नाव डोळ्यांनी शोधायचं. झोन फाइलमधला सीरियल, म्हणजे आवृत्तीचा आकडा, वाढवायला विसरलात तर प्रायमरी रीलोडनंतर नवं उत्तर देते आणि सेकंडरी जुनंच. ‘कधी उघडतं, कधी नाही’ याचा उगम बरेचदा इथे. २०२५०३१४०१ अशा दहा आकड्यांची तारीखवार पद्धत ठेवा, आणि हात घसरून पुढच्या वर्षाचा आकडा पडला तर नंतर खरी तारीख लिहून उपयोग नाही, सेकंडरी लहान झालेला आकडा नवा मानत नाही. झोनमध्ये डीएचसीपीतून आपोआप नोंदी होत असतील तर फाइल हाताने बदलण्याआधी आरएनडीसी फ्रीझ (आपोआप बदल थांबवायला), नंतर थॉ (पुन्हा सुरू करायला).

ऑफिसची वेबसाइट बाहेरून उघडते, आतून नाही, ही तक्रार आली की समजावं की आतल्या झोनला वेबसाइटचंच डोमेन दिलंय. सर्व्हर स्वतःला त्या डोमेनचा मालक समजतो, बाहेर विचारतच नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची नोंद आतही घालावी लागते आणि होस्टिंग बदललं की ती दोन्हीकडे बदलावी लागते. नव्याने मांडत असाल तर आतसाठी वेगळं नाव घ्या. डॉट लोकल नको. ते एमडीएनएससाठी राखीव आहे आणि मॅक, लिनक्स ते नाव सर्व्हरला न विचारता नेटवर्कवर हाक मारून शोधतात. डॉट इंटर्नल २०२४ मध्ये आयकॅन या इंटरनेटची नावं सांभाळणाऱ्या संस्थेने खासगी वापरासाठी राखून ठेवलं आहे, ते वापरा.

फाइल सर्व्हरचा पत्ता बदलायचा असेल तर त्या नोंदीचा टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा) ८६४०० वरून ३०० वर आणा, आणि मग पूर्ण एक दिवस काहीच करू नका. तेवढ्या वेळात जुना टीटीएल घेऊन बसलेले कॅश रिकामे होतात. दुसऱ्या दिवशी पत्ता बदला. पाच मिनिटांत सगळे नव्या जागी पोचतात. टीटीएल आणि पत्ता एकाच वेळी बदलला तर त्या ३०० चा काही उपयोग नाही.